चोख माल

माझ्या बायकोच्या, मालनच्या रक्षाविसर्जनाला कावळा शिवत नव्हता.

पंचगंगेच्या घाटावर केळीच्या पानात तिच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. वरणभात, वांग्याचं भरीत, बशीत चहा, शेजारी खारी. कावळे पिंपळावर बसून नुसते बघत होते. ऊन चढलं. बहिणीनं मला पुढं केलं. मी हात जोडून म्हणालो, "आपल्या लेकीला, स्नेहलला अंतर देणार नाही." तरी एक कावळा हलला नाही.

तेव्हा छबुताई उठली. कमरेची डबी काढत म्हणाली, "सरका. माझी मैतरीण कशापायी थांबलीया, मला ठावं हाय." तिनं चिमूटभर मिसरी पानाच्या कडेला ठेवली. ती मागं वळते न वळते तोच कावळा खाली आला आणि पानाला चोच लावून गेला.

बायकांचा जीव भांड्यात पडला. कुणी तरी म्हणालं, "बघा, जीव त्यातच अडकला हुता." छबुताईनं पदरानं डोळे पुसले आणि डबी परत कमरेला खोचली.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि बारीक कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका ती बोटानं दातांना लावतात. मालननं लग्नाआधीपासून लावली. त्या मिसरीनं तिचा खालचा जबडा खाल्ला. शेवटी ती नळीनं जेवायची आणि काही सांगायचं तर पाटीवर लिहायची. आणि तिच्या पानावर तीच मिसरी, तीही जिनं विकली तिच्याच हातची.

घाटाच्या पायऱ्या चढताना मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

इचलकरंजीत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. समोर, गल्लीच्या पलीकडं, छबुताईचं घर. ती आणि मालन एकाच गावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन इथं आल्या. म्हणून ती मला दाजी म्हणते.

राज्यात तंबाखूवर पूर्ण बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. गल्लीतल्या विजेच्या खांबांवर एक यंत्र बसवलं गेलं. लोक त्याला नाक म्हणतात. तंबाखू भाजल्याचा धूर ते ओळखतं आणि कुठल्या घरातून आला तेही कळवतं. महिन्याभरात सगळ्यांचे तवे थंड झाले. बायकांनी मिसरी सोडली असं टीव्हीवर सांगितलं गेलं. खरं एवढंच झालं होतं, की पूर्वी जी ती आपापल्या घरी भाजायची, ती आता छबुताईकडून तयार घ्यायला लागली. सीमेपलीकडं भाजलेला माल पापडाच्या पुड्यांतून यायचा.

त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. दुकानात तार गुंडाळताना तिच्या दारातलं बोलणं मला रोज ऐकू यायचं.

"ह्यो बंदीचा माल हाय म्हंत्यात," एखादी नवी सून घाबरत म्हणायची.

"बंदी इकडं हाय, माल तिकडचा हाय," छबुताई म्हणायची. "मालाला काय ठावं, त्यो कुठल्या राज्यात आलाय?"

"माझी आजी नव्वद वर्सं जगली बाई. दिसातनं चार डाव लावायची."

"मग गेली कशानं?"

"म्हशीनं ढुशी मारली."

"मग म्हशीवर बंदी घाला म्हणावं!" आणि हशा.

मालन गेल्यावरही हे थांबलं नाही. मी दुकानात दिसलो की आवाज तेवढा खाली यायचा. तिच्या मरणाचं कारण प्रत्येकीनं आपापलं शोधलं होतं. कुणी म्हणे उपास फार करायची, कुणी म्हणे नशीब. एकीला मी माझ्या कानांनी ऐकलं, "तिनं मधी कुठं तरी भेसळीची घेतली असंल. छबूची न्हवं. छबूचा माल चोख असतोय."

चोख. तो शब्द मी पोटात ठेवला.

पोलिसांत गेलो असतो तर ती चार दिवसांत परत आली असती आणि गल्लीनं तिला ओवाळून घरात घेतलं असतं. मला तसं नको होतं. ज्या तोंडांनी चोख म्हटलं, त्याच तोंडांनी तिच्यावर थुंकायला हवं होतं. त्याला लागणारी वस्तू माझ्या फ्रीजमध्ये होती, लोणच्याच्या बरणीमागं.

मालनचं ऑपरेशन झालं तरी तिची मिसरी सुटत नव्हती. तेव्हा डॉक्टर मुल्ला म्हणून एक तरुण बाई आम्हांला भेटल्या. त्या नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं.

"तंबाखूच्या शेतातल्या मातीत एक जंतू असतो. निकोटिन हेच त्याचं जेवण. निकोटिन म्हणजे तंबाखूतली तलफ लावणारी गोष्ट. त्या जंतूचा हा गुण आम्ही काढला आणि माणसाच्या तोंडात एरवीच राहणाऱ्या एका गरीब जंतूत बसवला. हे थेंब हिरडीला लावले की तो तिथं वस्ती करतो. मिसरी लावली की निकोटिन रक्तात उतरायच्या आत तो खाऊन टाकतो. डोक्यापर्यंत काहीच पोचत नाही."

"म्हणजे मोटर फिरतीय, पण पट्टा काढलेला," मी म्हणालो.

त्या हसल्या. "अगदी तसंच. फक्त यांची डबी वेगळी ठेवा. हा जंतू वाळला तरी मरत नाही, बी धरून बसतो. ओल लागली की उठतो. उष्ट्या बोटानं दुसरीकडं जाईल."

आठ दिवसांत मालननं डबी बाजूला सारली. पाटीवर लिहिलं, 'राम नाही त्यात.' पण तोवर फार उशीर झाला होता. बाटली अर्धी उरली.

छबुताईच्या उंबऱ्याशी एक पितळी डबी असते. चवीची डबी. माल घ्यायच्या आधी प्रत्येकीनं तिच्यात बोट बुडवायचं, दाताला लावून बघायचं, बरं वाटलं की पुन्हा बुडवायचं. नको म्हटलं तर अपमान. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींच्या पेल्याला तोंड लावणार नाहीत. पण मिसरीच्या डबीला उष्टं लागत नाही, असं सगळ्या मानतात.

सप्टेंबरात तिनंच मला बोलावलं. "दाजी, मिक्सर नुसता गुरगुरतोय. बघता का जरा?"

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. मिक्सरचा ब्रश झिजला होता, तो बदलला. ती चहा टाकायला आत गेली.

"साखर चालतीया न्हवं?" तिनं आतून विचारलं.

"घाला. आज जास्त घाला," मी म्हणालो आणि बाटली डबीत उपडी केली. बोटानं मिसरी खालीवर केली. चहा पिऊन घरी आलो आणि हात दोनदा धुतले.

दसऱ्याच्या आत तिच्या दारात पहिलं भांडण झालं.

"छबे, ह्यात काय मिसळलंयस? दोन डाव लावली, डोक्याला काय म्हंता काय न्हाई!"

"राख विकतीयास व्हय गं?"

"विटंचा चुरा असंल."

छबुताई डबी घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर तिनं बोट भरून दातांना लावली. थांबली. पुन्हा लावली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी दुकानातून नीट बघितलं. तिलाही काही लागत नव्हतं.

"जोतिबाची आण घिऊन सांगती," ती म्हणाली, पण आवाज बसला होता. "मी चोरून माल विकती, पर चोरी करत न्हाई."

एकीनं पुडी तिच्या पायाशी आपटली. एक तिच्या उंबऱ्यावर थुंकली. मालन मेली तेव्हा यातली एकही जाब विचारायला आली नव्हती. माल फिका निघाला म्हणून सगळी गल्ली आली. मी चहा मागवला आणि संपेपर्यंत बघत बसलो. मालन गेल्यापासून तेवढाच एक चहा मला गोड लागला.

मग ते वाढतच गेलं. तिनं माल आणणारा बदलला, पुन्हा बदलला. तरी फिकाच. शेजारच्या घरात डोहाळजेवण झालं, तिला बोलावणं नाही. किराणा दुकानात गेली तर बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. तिच्या पाठीमागं तिला राखवाली म्हणायला लागले. दिवसभर ती एकटी उंबऱ्यावर बसून डबीतून बोट भरून लावत राहायची, कधी तरी चव लागेल म्हणून. मी समोर बसून तार गुंडाळत होतो. माझं काम त्या दिवसांत फार चांगलं होत होतं.

स्नेहल दर रविवारी यायची. दोन गल्ल्या सोडून तिचं सासर. संक्रांतीच्या सुमाराला ती आली, भाकरी केल्या आणि मोरीत गेली ती बाहेर येईना. मी बघायला गेलो. ती उकिडवी बसून दात घासत होती. मोरीत काळं पाणी. शेजारी डबी.

मी डबी उचलली. तीच म्हणाली, "ओरडू नका पप्पा. आईच्या उशाशी रात्र रात्र बसायचे, तेव्हा लागली."

"कुणाकडनं घेतेस?"

"पहिल्यांदा छबुमावशीकडनं. आता कुठनं पण. सगळीकडंच फिकी मिळतेय, काही चढतच नाही. म्हणून जास्त लावावी लागते."

"जास्त म्हणजे?"

"सकाळपासनं ही पाचवी." तिनं चूळ भरली. "काय झालं? असं काय बघताय?"

मी तिला तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीवर, ओठाच्या आतल्या बाजूला, पांढरा चट्टा होता. मालनचा असाच सुरू झाला होता. त्याच जागी.

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टर मुल्लांकडं नेलं. त्यांनी चट्टा बघितला, थुंकी एका छोट्या यंत्रात घातली. पडद्यावर काय आलं कोण जाणे, त्यांनी स्नेहलला बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"मोरबाळे, हा आमचा जंतू आहे. तो हिच्या तोंडात कसा?"

मी पडद्यावरचं वाचायला वाकलो.

"ती चाचणी आम्ही कधीच बंद केली. तुमच्या मिसेस गेल्या होत्या, म्हणून तुम्हांला कळवलं नाही. जंतू निकोटिन खातो, पण कॅन्सर करणारी विषं वेगळी. त्यांना तो शिवतही नाही. मिसेसनी मिसरी सोडली कारण त्यांच्यात त्राणच उरलं नव्हतं. धडधाकट माणूस सोडत नाही. तलफ भागत नाही म्हणून तो चौपट लावतो. म्हणजे विष चौपट." त्यांनी यंत्र बाजूला सारलं. "उरलेल्या बाटलीचं काय केलंत?"

"सांडली," मी म्हणालो.

"कुठं?"

मी उठायला लागलो. त्यांना कळलं असावं. औषधाची बाटली देऊन त्या म्हणाल्या, "याच्या गुळण्या दोन आठवडे. जंतू जातो. मिसरी आज थांबली तर चट्टाही जाईल. हे नुसतं हिच्यापुरतं असेल तर ठीक. नसेल, तर ज्या ज्या बायकांच्या तोंडात गेलाय त्या सगळ्यांना आणा. आणि त्यांना आधी हे कळू दे, की माल फिका नाही, त्यांची तोंडं बदललीत. नाही तर त्या लावतच राहणार. तुम्ही सांगणार नसाल तर मी येऊन सांगेन."

गल्लीत उभं राहून मी सांगायचं, की छबुताईचा माल चोख होता. ते माझ्या घशाखाली उतरेना. मी डॉक्टरांकडून मुदत मागून घेतली आणि स्नेहलपुरतं औषध घेऊन गप्प बसलो. तिनं गुळण्या केल्या, जंतू गेला. पुढच्या तपासणीला तो परत तिथंच.

"फक्त एकदाच लावली, पप्पा," ती रडत म्हणाली. "जाऊबाईंनी डबी पुढं केली. नको कसं म्हणू?"

एकट्या स्नेहलला वाचवता येणार नव्हतं. सगळ्या गल्लीला वाचवायचं, म्हणजे त्या बाईलाही. दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता ओलांडून तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

ती वाळली होती. ओठ फुटलेले, गालात आतून फोड आलेला, बोलताना एका बाजूनं बोलायची.

"तुमीच एक आलासा, दाजी," ती म्हणाली. "बाकी समद्यांनी पाठ फिरवली. काय मिसळलं ते माझं मलाच कळंना. काय पाप केलं म्या?"

मी तिला सगळं सांगितलं. मिक्सरचा दिवस, थेंब, जंतू, स्नेहलचा चट्टा. ती ऐकत राहिली. मला वाटलं मारेल, किंचाळेल. तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हंजी माझा माल चोख हुता!"

एवढंच. मालनचं नाव नाही. माझं अंग पेटलं.

"चोख होता," मी म्हणालो. "मी सगळ्यांसमोर सांगतो. तुझं नाव परत देतो. पण माझं बोलून झालं की तू बोलायचंस."

"काय बोलू?"

"चोख मालानंच मालन गेली."

तिनं मान हलवली. "न्हाई दाजी. भेसळीच्या मालानं मानूस जातंय. म्या मालनला कधी हलकं दिलं न्हाई. पैला डाव तिचा असायचा, मंग बाकीच्यांचा."

"तेच म्हणतोय मी. तिला तू सगळ्यात चांगलं दिलंस. रोज दिलंस. जबडा कापून आली तरी खिडकीतून पुडी दिलीस."

"तीच मागायची! पाटीवर लिवायची!"

"माहीत आहे मला."

"तिचा जीव तळमळायचा, मला बघवायचं न्हाई. म्या मैतरीण हाय तिची."

"मग कर निवड," मी म्हणालो. "राखवाली म्हणून मर, नाही तर हे बोल. माझं कुणी ऐकणार नाही, मी तर थेंब टाकणारा. तुझं ऐकतील. तुझ्या हातचं त्यांनी डोळे मिटून तोंडात घातलंय. स्नेहल वाचायची असली तर ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे."

तिनं पितळी डबी उचलली, उगाच पुसली, खाली ठेवली. "उठा हितनं," ती म्हणाली. मी उठलो.

चार दिवसांनी मालनचं वर्षश्राद्ध आलं. गल्लीतल्या सगळ्या बायका घाटावर आल्या. डॉक्टर मुल्ला औषधांचं खोकं घेऊन मागं उभ्या होत्या. छबुताई सगळ्यांपासून लांब, खालच्या पायरीवर. पान मांडलं. कावळे पिंपळावर.

मी उभा राहिलो आणि बोललो. मी काय केलं, कशासाठी केलं, कुणाच्या डबीत केलं. आडपडदा ठेवला नाही. आधी कुणाला समजेना. मग समजलं.

"मुडद्या, आमच्या तोंडात किडं सोडलंस?" माझी सख्खी चुलतवहिनी ओरडली. एकीनं चप्पल काढली. आणि त्या गोंधळातच दुसरी म्हणाली, "म्हंजी छबूचा माल खरा हुता की! उगं बिचारीला बोललो आपन." बायका खालच्या पायरीकडं वळल्या. दोघी-तिघींनी तिला हाताला धरून वर आणलं. इतके महिने जिच्यावर थुंकल्या, तिच्या पाठीवरून हात फिरायला लागले.

स्नेहल माझ्याकडं बघत होती.

पानाला अजून कावळा शिवला नव्हता. चुलतवहिनी म्हणाली, "छबे, डबी काढ. मालनला पायजे ती मिसरीच. तुझ्या हातची."

छबुताईनं कमरेची डबी काढली. झाकण उघडलं. चिमूट भरली. पानापाशी वाकली आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, ठेवणार. मला वाटलं, मी हरलो.

"माझा माल चोख हुता," ती म्हणाली. फोडामुळं शब्द जड येत होते. "समद्यांनी ऐका. भेसळ न्हवती, काय न्हवतं. मालनला म्या त्यातला बी निवडून द्यायची." ती सरळ उभी राहिली. "त्या चोख मालानंच माझी मैतरीण गेली. म्याच घातली तिच्या तोंडात."

चिमूट तिनं पानात ठेवली नाही. डबीत परत टाकली, झाकण लावलं आणि डबी डॉक्टरांच्या खोक्यात टाकून दिली. मग एका सुनेनं आपली डबी काढली. सगळ्यांनी नाही काढल्या. चुलतवहिनीनं तर पदर आणखी घट्ट खोचला.

तिचं बोलणं ऐकून मला समाधान झालं का? झालं. खोटं कशाला सांगू? वर्षभर मी त्या एका वाक्यासाठी जगलो होतो.

छबुताईचा फोड कापावा लागला. ती आता नीट बोलू शकत नाही. मालनची पाटी माझ्याकडं होती, ती मी तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. दया म्हणून ठेवली नाही. तिनं ती घेतली.

स्नेहलचा चट्टा जातोय. हे मला डॉक्टर सांगतात. स्नेहल रविवारी येत नाही. परवा दुकानासमोरून गेली, छबुताईला हाताला धरून दवाखान्यात नेत होती. रस्त्याच्या या बाजूला तिनं पाहिलं नाही.

त्या दिवशी मी घाटावरून निघून गेल्यावर कावळा शिवला म्हणतात. पानातल्या कशाला शिवला, ते मी कुणाला विचारलेलं नाही.